तिकीट घ्यावं की अपक्ष राहावं?

यंदा गणपतीत चक्क पाच दिवस गावी राहायला मिळालं. (लॅपटॉप बरोबर होता, पण वाडीत रेंज नसते हे मॅनेजरला पटवण्यात यश आलं.) गौरी-गणपती पोचवून आलो, पाय धुतले आणि सगळे ओटीवर टेकलो. चहा यायचा होता. एवढ्यात आत्याचा मोठा मुलगा, आमचा दादा, म्हणाला, "काय रे, तू एवढं वाचतोस, मला एक सांग. नगरपंचायतीला उभा राहतोय. पक्षाचं तिकीट घेऊ, की अपक्ष?"

दादा सिव्हिल इंजिनियर. बारा वर्षं मुंबईत साइटवर काढली, मग जिल्ह्यातल्या एका छोट्या शहरात परत आला. शहराचं नाव सांगत नाही, त्याला उगाच अडचण नको. तिथे त्याच्या वॉर्डातून एक पऱ्या जातो. पऱ्या म्हणजे पावसाळी ओढा. त्यात हळूहळू भराव पडतोय, त्यामुळे जुलैत पाणी लोकांच्या घरात शिरतं. दादाने नकाशे काढले, लेव्हल्स घेतल्या, अर्ज केले. उत्तर एकच, "बघतो". म्हणून त्याने ठरवलं की आता आत जाऊन बघायचं. एका मोठ्या पक्षाने तिकीट देऊ केलंय, पण "गटनेता सांगेल तसं" ही अट आधीच घातली आहे. आणि भराव टाकणारा कंत्राटदार त्याच पक्षाच्या बैठकीत पुढच्या खुर्चीवर बसतो.

मी लगेच म्हटलं, "अपक्ष! सोप्पं आहे." आपल्या ऑफिसात चहाच्या टपरीवर हेच उत्तर मिळतं ना. सगळे पक्ष एका माळेचे मणी, शिकलेल्या माणसांनी स्वतंत्र उभं राहावं वगैरे वगैरे.

कोपऱ्यात आजोबा बसले होते, वय वर्षं अठ्ठ्याऐंशी. ते म्हणाले, "खोती गेली ती कशी गेली, ठाऊक आहे काय तुला? कायदा केलान काँग्रेसनं. पण आधी मागितलान कोणी?"

मला ठाऊक नव्हतं. म्हणजे शाळेत खोतीवर दोन मार्कांची टीप लिहिली होती, तेवढंच. पुण्यात परत आल्यावर डोक्यात हा किडा वळवळत राहिला आणि पुढचे तीन विकांत त्यातच गेले. जे सापडलं ते इथे लिहितोय.

तर खोती. रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) या जिल्ह्यांत सरकार आणि शेतकरी यांच्या मध्ये खोत असायचा. गावाचा सारा वसूल करून सरकारात भरायचं काम त्याचं. सरकारला द्यायचं ते ठरलेलं, पण कुळाकडून घ्यायचं ते मात्र बरंचसं खोताच्या हातात. १८८० मध्ये इंग्रजांनी खोतीचा कायदा केला, त्यात हे नातं कागदावर बांधलं गेलं, तुटलं नाही. अर्धेल म्हणजे निम्मं पीक खोताचं. वर वेठ, म्हणजे खोताच्या घरची फुकट कामं. आमचे पणजोबा कुळ होते. भात झोडलं की आधी खोताचा हिस्सा मोजला जायचा, मग घरात यायचं ते यायचं. आजोबांनी हे लहानपणी डोळ्यांनी पाहिलंय.

१९३७ साली मुंबई प्रांतात निवडणुका झाल्या. डॉ. आंबेडकरांनी आदल्या वर्षी, १९३६ मध्ये, स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. त्यांचं मूळ गाव आंबडवे आपल्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, आणि बालपणीची काही वर्षं दापोलीतली. पण इथे गावाचा संबंध महत्त्वाचा नाही. महत्त्वाचं हे की काँग्रेस तेव्हा प्रांतातला सगळ्यात मोठा पक्ष होता आणि देशभर तिचीच हवा होती. अशा वेळी एक बॅरिस्टर तिच्यात जात नाही, स्वतःचं दुकान टाकतो, आणि १७ जागा लढवून १४ जिंकतो! पक्षाचं नाव बघा, मजूर पक्ष. फक्त राखीव जागांवर भिस्त ठेवली नव्हती, सर्वसाधारण जागाही लढवल्या. कोकणातले शामराव परुळेकर, अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस ही सवर्ण घरांतली मंडळी या पक्षाकडून निवडून आली. खोताविरुद्ध महार आणि कुणबी एकत्र उभे करायचे होते, आणि ते काम त्या काळात किती अवघड होतं हे कोकणात वाढलेल्या माणसाला सांगायला नको.

सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. शेजारी अलिबागजवळ चरीचा शेतकरी संप तर १९३३ पासून चालू होता, तो १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत लोकांनी! आपला प्रोजेक्ट सहा महिने लांबला तर आपण नोकरी बदलतो.

मोर्चासमोर सरकार कुणाचं? बाळासाहेब खेरांचं. आणि खेरांचा जन्म कुठला? रत्नागिरीचा. म्हणजे मागणारेही आपलेच आणि ज्यांच्याकडे मागायचं तेही आपलेच. सभागृहात एकूण जागा १७५, त्यात मजूर पक्षाचे १४. विधेयक पुढे सरकलं नाही. १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर काँग्रेस मंत्रिमंडळाने राजीनामे दिले आणि तो डाव तिथेच मोडला.

खोती शेवटी गेली ती १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याने. तेव्हा सरकार कुणाचं? परत खेरांचंच, काँग्रेसचंच. त्याच्या पुढे-मागे कुळकायदा आला, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारं कुळ जमिनीचा मालक झालं. आमच्या सातबाऱ्यावर नाव लागलं ते त्यामुळे. माझी इंजिनियरिंगची फी भरली गेली ती त्या जमिनीवरच्या आंब्याच्या कलमांतून, हेही सांगून टाकतो.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर इथवर मिळालं असं वाटलं. बाहेरून मागणी लावायची, आतला मोठा पक्ष कधीतरी कायदा करतो. पण हे वाटतं तितकं सरळ नाही. मधली बारा वर्षं गेली. त्या बारा वर्षांत जी कुळं मेली त्यांचं काय? आणि उलटंही विचारता येईल. बाबासाहेब १९३६ मध्ये काँग्रेसमध्ये गेले असते तर खोती १९३८ लाच गेली असती का? मला नाही वाटत. मोठा पक्ष म्हटला की त्यात दोन्ही बाजूंची माणसं असतात. तिथे विधेयक मांडायच्या आधीच कुणीतरी खांद्यावर हात ठेवून म्हणतं, "घाई नको, आधी स्वातंत्र्य." वेगळा पक्ष होता म्हणून निदान ते विधेयक मांडलं तरी गेलं, छापलं गेलं, त्यावर मोर्चा निघाला. नंतर कुणालाही "असा प्रश्नच नाही" म्हणायची सोय राहिली नाही.

याच माणसाच्या आयुष्यात दुसरा प्रयोगही होऊन गेला, तो जास्त चक्रावणारा आहे. १९४६ मध्ये घटना समितीवर जायला मुंबईतून मतं नव्हती. तेव्हा बाबासाहेब बंगालमधून निवडून गेले, जोगेंद्रनाथ मंडल वगैरेंच्या मदतीने. फाळणी झाली आणि ती जागाच गेली. मग जून १९४७ च्या शेवटी राजेंद्रप्रसादांनी पत्र लिहून कळवलं की यांना मुंबईतून निवडून पाठवा. पत्र कुणाला? बाळासाहेब खेरांना! बॅरिस्टर जयकरांनी सोडलेल्या जागेवर काँग्रेसच्या मतांनी बाबासाहेब परत आले आणि ऑगस्टमध्ये कायदामंत्री झाले. काँग्रेसचे सभासद मात्र झाले नाहीत.

म्हणजे पक्षात न जाता पक्षाच्या सरकारात. राज्यघटनेचं काम झालं. तिथे सरकारला त्यांची गरज होती आणि त्यांना सरकारची. पण हिंदू कोड बिलाची वेळ आली तेव्हा मागे उभा राहायला स्वतःचा पक्ष सभागृहात नव्हता. काँग्रेसच्याच खासदारांनी ते रखडवलं. सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा. पुढच्या काही महिन्यांतच पहिली सार्वत्रिक निवडणूक. उत्तर मुंबईत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनकडून, समाजवाद्यांशी युती करून ते उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायणराव काजरोळकरांनी १४,५६१ मतांनी हरवलं. १९५४ ला भंडाऱ्याची पोटनिवडणूकही गेली. आणि हिंदू कोड? १९५५-५६ मध्ये तुकडे करून त्याच काँग्रेसने पास केलं.

खोतीसारखंच झालं. फरक एवढाच की इथे आत जाऊनही शेवट तोच.

यावरून माझा एक मित्र म्हणाला, "म्हणजे कुठूनही गेलं तरी कायदा मोठा पक्षच करतो. मग आतच का जाऊ नये?" बरं, आतच गेलेल्यांचं बघू.

चिंतामणराव देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा. आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० पासून अर्थमंत्री. राजकारणाशी आधी काडीचा संबंध नाही. १९५२ मध्ये काँग्रेसच्या तिकिटावर कुलाब्यातून निवडून आले. यापेक्षा चांगला 'प्रोफेशनल' उमेदवार आजही सापडणार नाही. चार वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग भाषावार प्रांतरचना आली आणि मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्राकडे ठेवायचं घाटलं. मुंबईत गोळीबार झाले, माणसं मेली, चौकशी नाही. देशमुखांनी १९५६ मध्ये राजीनामा दिला. त्यांचं लोकसभेतलं निवेदन गाजलं. महाराष्ट्रात आजही लोक त्यांचं नाव घेतात ते बजेटसाठी नाही, त्या राजीनाम्यासाठी.

पण नंतर? विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, संस्था उभारणी, सगळं मोठंच काम. राजकारणातून मात्र ते बाहेर पडले ते पडलेच. १९६९ मध्ये जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या पाठिंब्यावर राष्ट्रपतिपदाला उभे राहिले आणि तिसरे आले. (त्या निवडणुकीत जिंकलेले व्ही. व्ही. गिरी कागदोपत्री 'अपक्ष' होते! पाठीशी खुद्द पंतप्रधान. असा अपक्ष व्हायला कुणालाही आवडेल.) देशमुखांकडे बुद्धी होती, सचोटी होती, वेळ आल्यावर पद फेकायची धमक होती. मात्र पद फेकल्यावर ज्यांच्यात परत जाऊन बसावं अशी स्वतःची संघटित माणसं नव्हती. मतदारसंघ पक्षाने दिला होता, तो पक्षाबरोबर गेला.

आता राजापूर. माझ्या आईचं माहेर राजापूर तालुक्यातलं, त्यामुळे या मतदारसंघाच्या गोष्टी जेवताना ऐकल्यात. १९५७, ६२ आणि ६७ अशा तीन वेळा इथून बॅरिस्टर नाथ पै निवडून आले. वेंगुर्ल्याचे, विलायतेत शिकलेले. आईचे वडील म्हणायचे की नाथ पै बोलायला लागले की शेवटची एसटी गेली तरी माणूस उठत नसे. त्यांना काँग्रेसमध्ये जाणं अवघड नव्हतं. गेले नाहीत. अपक्षही राहिले नाहीत. प्रजासमाजवादी पक्षात राहिले, जो दिल्लीच्या हिशेबात किरकोळ होता. पहिल्यांदा निवडून आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची लाट होती हे खरं, पण ६२ ला ती ओसरली होती आणि तरी ते आले.

जानेवारी १९७१ मध्ये नाथ पै अचानक गेले. बेळगावात. वय ४८. दोन महिन्यांत निवडणूक. त्यांच्या जागी आले मधु दंडवते. जन्म नगरचा, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारा प्राध्यापक. कोकणातल्या माणसाला हा पूर्ण बाहेरचा. आणि १९७१ ची निवडणूक म्हणजे इंदिरा लाट. प्रजासमाजवादी पक्षाला अख्ख्या देशात किती जागा मिळाल्या असतील? दोन. त्यातली एक राजापूर.

पुढे ७७, ८०, ८४, ८९. ८४ ला इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेत भलेभले वाहून गेले, राजापूर टिकलं. हे कशामुळे? मला वाटतं, संघटना छोटी असली तरी ती गावात होती. सेवादलाची शाखा, शाळामास्तर, मुंबईतल्या गिरणीत काम करणारा आणि मनिऑर्डरबरोबर पत्रातून 'मत कुणाला द्यायचं' ते कळवणारा चाकरमानी. हे नाथ पैंनी आणि त्यांच्या आधीच्यांनी बांधलेलं होतं, दंडवत्यांनी ते सांभाळलं. पक्ष दिल्लीत फुटत राहिला, नावं बदलत राहिला, प्रजासमाजवादीचा समाजवादी, मग जनता, मग जनता दल. राजापुरातल्या माणसाला त्याचं काही नव्हतं. ती माणसं दंडवत्यांची होती.

आणि सत्ता मिळाली तेव्हा त्यांनी काय केलं तेही बघा. १९७७ ते ७९ रेल्वेमंत्री. सेकंड क्लासच्या लाकडी फळ्यांवर फोम आला तो त्यांच्या काळात. आज स्लीपरमध्ये आडवं होताना या प्राध्यापकाची आठवण काढायला हरकत नाही :-) १९८९-९० मध्ये ते अर्थमंत्री, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, आणि १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं.

१९९१ मध्ये दंडवते पडले! कोकण रेल्वेचं काम सुरू झालेलं असताना. हरवलं ते काँग्रेसच्या सुधीर सावंतांनी, लष्करातून आलेले, म्हणजे तेही एका अर्थी बाहेरचेच. गिरण्यांच्या संपानंतर मुंबईतला चाकरमानी बदलला होता, गावात शिवसेनेच्या शाखा निघाल्या होत्या. वीस वर्षं पुरलेली माणसंही कायमची पुरत नाहीत.

त्यानंतरची गोष्ट आपल्या पिढीला जवळची. १९९६ मध्ये याच राजापुरातून सुरेश प्रभू आले. चार्टर्ड अकाउंटंट, सारस्वत बँकेचे अध्यक्ष राहिलेले. शिवसेनेचं तिकीट. सीए माणूस आणि शिवसेना, हे समीकरण तेव्हा अनेकांना पचलं नव्हतं. पण निवडून आले, चार वेळा आले, आणि वाजपेयींच्या मंत्रिमंडळात वीजमंत्री म्हणून त्यांचं देशभर नाव झालं. वीजक्षेत्राचा जुना सगळा कोड फेकून नवीन लिहावा तसं ते विधेयक २००१ मध्ये संसदेत आलं. आणि ऑगस्ट २००२ मध्ये पक्षप्रमुखांच्या आदेशावरून प्रभूंना मंत्रिपद सोडावं लागलं. कामावर खुद्द पंतप्रधान खूश असून उपयोग नाही, कारण ती जागा पक्षाच्या कोट्यातली होती. त्यांच्या जागी वीजमंत्री झाले अनंत गीते. मतदारसंघ? रत्नागिरी. म्हणजे एका कोकणी खासदाराची खुर्ची शेजारच्या मतदारसंघातल्या खासदाराकडे गेली. नवा वीज कायदा २००३ मध्ये झाला तेव्हा मंत्री गीते होते.

मला ही गोष्ट फार बोलकी वाटते, कारण आपण रोज हेच बघतो. मोड्यूल तुम्ही लिहिता, रिलीजच्या आधी तुम्हाला दुसऱ्या टीमवर टाकतात. फरक इतकाच की आपण नोटिस देऊन दुसरीकडे जातो. प्रभूही गेले, पण बारा वर्षांनी. २००९ ला नव्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात नीलेश राण्यांकडून पराभव झाला. नोव्हेंबर २०१४ मध्ये भाजपमध्ये प्रवेश आणि त्याच दिवशी केंद्रात मंत्रिपदाची शपथ, रेल्वेमंत्री. राज्यसभा आधी हरियाणातून, नंतर आंध्रातून. राजापूर मागेच राहिलं. कुणी याला संधिसाधूपणा म्हणेल, मी म्हणणार नाही. ज्याला काम करायचंय आणि ज्याची स्वतःची वेगळी संघटना नाही त्याने दुसरं काय करायचं? पण भाडेकरू आणि घरमालक यांत जो फरक आहे तो इथे आहे. घर कितीही छान सजवा, मालक म्हणाला की सोडावं लागतं.

राहता राहिले खरेखुरे अपक्ष. २६/११ नंतरची २००९ ची निवडणूक आठवते का? मी तेव्हा शाळेत होतो, पण घरात टीव्हीवर तीच चर्चा. दक्षिण मुंबईतून मीरा सान्याल उभ्या होत्या, परदेशी बँकेच्या भारतातल्या प्रमुख. बंगळुरात कॅप्टन गोपीनाथ, स्वस्त विमानप्रवासवाले. वर्तमानपत्रांत कौतुकाचे रकाने. दोघेही पडले, सान्यालबाईंचं तर डिपॉझिटही गेलं. २०१४ मध्ये त्या आम आदमी पक्षाकडून लढल्या, तेव्हाही पडल्या.

आकड्यांत बघायचं तर १९५२ च्या पहिल्या लोकसभेत ३७ अपक्ष निवडून आले, १९५७ ला ४२, आणि २०२४ ला ७. त्या सातांतले आपल्याकडचे एक म्हणजे सांगलीचे विशाल पाटील, वसंतदादांचे नातू. त्यांना बाहेरचा कोण म्हणेल? महाराष्ट्रात अपक्षांचं सुवर्णवर्ष १९९५. विधानसभेत ४५ अपक्ष! युतीचे आमदार १३८, त्यामुळे सरकार बनलं ते अपक्षांच्या टेकूवर. पण त्यातले बहुतेक काँग्रेसचेच बंडखोर. कारखाना, बँक, कार्यकर्ते सगळं हाताशी, फक्त तिकीट तेवढं दुसऱ्याला गेलेलं. म्हणजे जिंकणारा अपक्ष बहुतेक वेळा कालचा पक्षवालाच असतो. टपरीवर आपण ज्या अपक्षाची स्वप्नं बघतो तो हा नव्हे.

शिवाय कायदा. पक्षांतरबंदी आली १९८५ मध्ये. अपक्ष म्हणून निवडून आल्यावर एखाद्या पक्षात गेलात तर सदस्यत्व जातं. पक्षाकडून आलात आणि व्हिप मोडलात तरी जातं. नगरपंचायती वगैरेंसाठी महाराष्ट्राचा १९८६ चा वेगळा कायदा आहे, तत्त्व तेच. त्यामुळे "आधी निवडून तर येऊ, मग बघू" हा मार्ग दोन्हीकडून बंद. अर्ज भरतानाच ठरवावं लागतं. देशमुखांच्या काळी हे नव्हतं, तरीही त्यांनी मतभेद झाल्यावर पद सोडलं, हे लक्षात घ्यायला हवं.

गेल्या रविवारी दादाला फोन केला. हे सगळं सांगितलं, तासभर. तो मधे मधे "हां, हां" करत होता. शेवटी म्हणाला, "ते सगळं ठीक. दंडवते, देशमुख मोठी माणसं रे. माझा वॉर्ड सातशे मतांचा आहे."

आणि इथे मी गप्प झालो, कारण मुद्दा बरोबर होता. लोकसभेला चौदा लाख मतदार असतात, तिथे चिन्ह नसेल तर तुमचं नाव यंत्रावर शोधायलाही लोकांना वेळ नसतो. सातशे मतांत दादाला प्रत्येक घर माहीत आहे, कुणाच्या घरात किती इंच पाणी शिरलं तेही. तिथे अपक्ष येऊ शकतो. पण नगरपंचायतीत नगरसेवक सतरा. पऱ्याचा ठराव पास करायला नऊ हात लागतात. एकटा अपक्ष म्हणजे मजूर पक्षाच्या चौदांपेक्षाही वाईट गणित, निदान ते चौदा तरी होते.

"तिकीट घेतलंस," मी विचारलं, "आणि भरावाच्या बाजूने हात वर कर म्हणाले, तर?"

"राजीनामा."

"मग पोटनिवडणुकीला परत निवडून येशील?"

तो थोडा वेळ बोलला नाही. मागून आत्याचा आवाज येत होता, कुणीतरी फणसाच्या आठळ्या संपवल्या म्हणून ओरडत होती. मग म्हणाला, "आता नाही येणार. आता लोक मला अर्ज करणारा म्हणून ओळखतात. त्यांच्यासाठी मी अजून काही केलेलं नाही."

मी त्याला म्हटलं की माझ्या मते हाच हिशेब आधी लागायला हवा, तिकिटाचा नंतर. वरच्या बाजूच्या दोन वॉर्डांतून तोच पऱ्या जातो, तिथल्या घरांतही पाणी येतंच. तिथे कुणी उभं राहायला तयार आहे का ते बघ. एकाचे तीन झाले तर नऊ जमवायला सहा कमी पडतात, आठ नव्हे... आणि तीन असले की समोरचा पक्ष अट घालायला येत नाही, बोलायला येतो. यात चूक असू शकते. मी राजकारण कीबोर्डवरून बघणारा माणूस, घरोघरी जाणारा तो आहे.

दादाने एक दोनशे पानी वही केली आहे. घर, माणसं, पाणी किती चढतं, आणि शेवटच्या रकान्यात 'बोललो का'. फोन ठेवताना म्हणाला, वरच्या वॉर्डातली एक अंगणवाडीताई आहे, तिच्या घरी बुधवारी जाऊन येतो. तिकिटाचं पक्षवाल्यांना अजून हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही.

आजोबांना विचारलं, तुमचं मत कुणाला? ते म्हणाले, "माझं नाव तिकडच्या यादीत नाय. पण त्याला सांग, वहीत शाईच्या पेनानं लिहू नको. पावसात जातं."